पत्ता न सांगता मागितलेली मदत

लेखमाला : उंबरठ्याच्या पलीकडे (लेखांक सातवा)

देणगीदाराचा पहिला प्रश्न बहुधा पत्त्याचा असतो. धाकट्याचा वाढदिवस आहे, हॉटेलात पैसे उडवण्यापेक्षा तुमच्याकडच्या मुलांबरोबर साजरा करू म्हणतो. केक आम्हीच आणू, खाऊ आणू, दोन-चार फोटो काढू. लोकेशन तेवढं पाठवा. फोन करणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नसतं. पण पलीकडे फोन धरून उभ्या असलेल्या अधीक्षिकेला नेमकं तेवढंच देता येत नाही. निवाऱ्यातल्या बाईला शोधत फिरणारा नवरा, दीर, कधी सख्खा भाऊसुद्धा याच पत्त्याच्या मागावर असतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे २००६ चे नियमही सांगतात की बाईने तशी मागणी केली, तर निवारागृहाने ती आपल्याकडे आहे हे समोरच्या पक्षाला कळू देऊ नये.

म्हणजे पेच असा: देणारा चेहरा बघून देतो, आणि इथे चेहरा दाखवण्याचीच सोय नाही.

गेल्या लेखांकात गोष्ट याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत येऊन थांबली होती. या वेळचा विषय जरा रोकडा आहे. बाई घराबाहेर पडली, अर्ज दाखल झाला. आता तिच्या खर्चाचं काय, आणि तो पैसा कोण, कुणाकडे, कोणत्या तोंडाने मागतं?

मदत म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे जेवण आणि कपडे येतात. कपडे तर इतके येतात की दसरा-दिवाळीच्या आधी कुणाकुणाची कपाटं आवरली गेली, ते संस्थेच्या व्हरांड्यात कळतं. फॉल सुटलेल्या साड्या, चेन गेलेली दप्तरं, एकाच पायाचा मोजा. त्यात सापडत नाहीत ते नवे परकर, आतले कपडे, मापाची चप्पल, सॅनिटरी पॅड. आणि सगळ्यात दुर्मीळ असतो तो हातातला सुटा पैसा. तारखेला जायचं एसटीचं भाडं, कागदांच्या झेरॉक्स, आधार कार्ड सासरीच राहिलं म्हणून नव्यासाठी घातलेल्या फेऱ्या, मुलाचा शाळेचा दाखला, मनगटाच्या जुन्या दुखण्याचा एक्स-रे. या सगळ्यावर कडी करणारी रक्कम म्हणजे भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट. मार खाऊन बाहेर पडलेली बाई महिन्या-दोन महिन्यांनी त्याच घरात परत गेली की आळीतले म्हणतात, बघा, गेलीच ना शेवटी! ती नवऱ्यासाठी गेली असं सगळ्यांनी धरलेलं असतं. पुष्कळदा ती डिपॉझिट जमलं नाही म्हणून गेलेली असते.

सरकारी मदतीची मुदत ठरलेली असते. निर्भया निधीतून २०१५ पासून उघडलेल्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये राहता येतं ते जास्तीत जास्त पाच दिवस. त्यापुढे जुनी स्वाधार गृहं, ज्यांना आता मिशन शक्तीमध्ये ‘शक्ती सदन’ म्हणतात. तिथे मुलग्यांच्या वयाला मर्यादा आहे. त्या वयाच्या वर असेल तर आई एका छपराखाली आणि मुलगा दुसऱ्या. पोराला सोडून राहायचं की पोरासाठी मार खायचा, हा हिशेब कुठल्याही योजनेच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

या दारापर्यंत पोचतात त्याही थोड्याच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के होत्या. सुमारे तीन चतुर्थांश जणींनी मदत मागणं तर सोडाच, कुणाला सांगितलंही नव्हतं.

लपवून ठेवायचं आणि तरी सगळ्यांना कळवायचं, हा पेच महाराष्ट्राला नवा नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा त्याच्या जाहिराती भिंतींवर लावल्या होत्या. विधवांनी इथे येऊन गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं की ठेवावं हे त्यांनीच ठरवावं, असा त्यांचा मजकूर होता. घर जाहीर, येणारीचं नाव मात्र झाकलेलं. चेहरा न दाखवता दार उघडं ठेवण्याची एवढी साधी युक्ती! पण खर्चाचा भार बव्हंशी त्या जोडप्याच्याच खांद्यावर होता. समाजाने वर्गणी काढून चालवावं असं ते काम तेव्हा समाजाला वाटतच नव्हतं.

वर्गणीचं तंत्र आणलं पंडिता रमाबाईंनी. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदानाला, १८८६ च्या मार्चमध्ये, रमाबाई फिलाडेल्फियात गेल्या आणि तिथेच राहून त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते १८८७ मध्ये निघालं. त्याची विक्री, गावोगावची व्याख्यानं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन अशी ती मोहीम होती. असोसिएशनच्या शाखा म्हणजे ठिकठिकाणची ‘रमाबाई मंडळं’. सभासदाने ठरावीक रक्कम दर वर्षी द्यायची, आणि तीही सलग दहा वर्षं. एकदाच हेलावून दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दहा वर्षांचा छोटा शब्द जास्त कामाचा, हे रमाबाईंनी ओळखलं होतं. आजही निधी उभारणारी कुठलीही संस्था याच हिशेबावर तरते किंवा बुडते. शिवाय त्यांनी विधवांचे चेहरे पुढे केले नाहीत, स्वतःचा केला. व्यासपीठावर उभी होती ती एक शिकलेली, विधवा, पदरी लहान मुलगी असलेली बाई.

या वर्गणीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी पुण्याला हललं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून हिंगण्याच्या आश्रमासाठी स्वतः निधी गोळा करत फिरल्या. मदत घेणारी बाई पुढे मदत मागणारी झाल्याचं इतकं ठसठशीत उदाहरण क्वचित सापडतं.

पण याच शारदा सदनाच्या गोष्टीत एक बोचरी बाजूही आहे. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यात वादळ उठलं आणि पालकांनी भराभर मुली काढून घरी नेल्या. अमेरिकेतली वर्गणी आटली नव्हती. आटला तो शेजारचा भरवसा. पैशाने इमारत उभी राहते, पण तिच्यात बाईला येऊ द्यायचं की नाही हे आजूबाजूचे लोक ठरवतात. निधी आणि आधार या दोन गोष्टी एकच धरण्याची चूक तेव्हापासून चालत आलेली आहे.

लंडनमध्ये हा धडा उलट्या बाजूने गिरवला गेला. १९७१ मध्ये चिझिकला एरिन पिझ्झींनी स्थानिक कौन्सिलकडून मिळालेल्या एका पडक्या घरात बायकांच्या भेटीगाठींचं केंद्र काढलं. चहाला येणाऱ्या बायका अंगावरचे वळ दाखवू लागल्या आणि मुलांसह तिथेच राहू लागल्या. दार कुणालाच बंद नव्हतं. वर्तमानपत्रं, टीव्ही यांनाही नाही. प्रसिद्धीमुळे पैसा आला, देशभर तशी घरं उभी राहिली. मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त माणसं ठेवली म्हणून त्याच संस्थेला कोर्टाच्या पायऱ्याही चढाव्या लागल्या. पिझ्झींची पुढची बरीच मतं स्त्री चळवळीला मुळीच पटली नाहीत, पण पत्ता उघडा ठेवून चालवलेलं ते घर इतिहासात राहिलं. नंतरच्या निवाऱ्यांनी मात्र पत्ता गुप्त ठेवण्याचाच नियम केला.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने १९७८ मध्ये वेगळाच मार्ग काढला. लग्नाच्या परवान्याच्या शुल्कावर थोडा कर बसवून तो पैसा निवारागृहांना द्यायचा. पुढे इतर राज्यांनीही तसं केलं. कॅलिफोर्नियात आज परवाना काढणारं प्रत्येक जोडपं, माहीत असो वा नसो, अशा घरांसाठी काही डॉलर भरत असतं. कुणाची कहाणी नाही, कुणाचा फोटो नाही, आवाहनही नाही. सनईच्या सुरात हा विचार कडू लागेल खरा, पण निधी उभारणीचे जेवढे प्रकार जगात झाले त्यांत हा सर्वांत सरळ म्हणावा लागेल.

त्याच देशात लग्न होऊन नव्याने गेलेल्या आपल्याकडच्या मुलींचा प्रश्न मात्र या कराने सुटत नव्हता. नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, नोकरीची परवानगी नाही, बँकेचं खातं त्याच्या नावावर, आणि मंडळाच्या गणपतीत भेटणारी सगळी माणसं त्याच्याच ओळखीची. न्यू जर्सीत १९८५ मध्ये ‘मानवी’, न्यू यॉर्कमध्ये १९८९ मध्ये ‘सखी’, कॅलिफोर्नियात १९९१ मध्ये ‘मैत्री’ या संस्था दक्षिण आशियाई बायकांनी काढल्या त्या यासाठी. सुरुवातीला त्यांच्याच समाजातून ऐकू आलं ते ‘आपल्यात असलं काही नसतं, तुम्ही आपली बदनामी करता’ हेच. ‘मैत्री’ने पुढे पैशाची एक झकास वाट काढली. घराघरांतल्या एकदोनदाच नेसलेल्या साड्या, घागरे, शेरवान्या दान म्हणून घ्यायच्या, स्वयंसेवकांनी दुकान चालवून विकायच्या, आणि मिळकत कामाला लावायची. आपल्या व्हरांड्यात कुजणारा साड्यांचा ढीग तिथे समुपदेशनाचा खर्च भागवतो. जुने कपडे देऊच नयेत असा याचा अर्थ नाही. ते विकून रोकड करणारं कुणीतरी मध्ये हवं.

पश्चिम लंडनमध्ये १९७९ पासून काम करणाऱ्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ची गोष्ट अनुदानावर जगणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. ईलिंग कौन्सिलने २००८ च्या सुमारास ठरवलं की फक्त आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांसाठी वेगळी संस्था नको, सर्वांसाठी एकच सेवा हवी. सगळ्यांना समान, असा वरवर गोड युक्तिवाद. पण भाषा येत नाही, पासपोर्ट सासूकडे आहे आणि पोलिसांत जायला घाबरते, अशी बाई त्या ‘एकच सेवे’च्या काउंटरवर पोचणार कशी? मदत घेतलेल्या बायकाच कौन्सिलविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या आणि २००८ च्या जुलैत कौन्सिलला माघार घ्यावी लागली.

आपल्याकडे पैसा येण्याच्या वाटांना प्रत्येकी एक फाटक आहे. कंपन्यांचा सीएसआर घ्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायला लावले, आणि स्त्रियांसाठी घरं, वसतिगृहं या यादीत स्पष्ट आहेत. पण कंपनीला वार्षिक अहवालात फोटो हवा असतो, आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर येतो. परदेशातल्या नातलगांनी पाठवायचे म्हटलं तर आधी पासपोर्ट बघावा. भारतीय नागरिक तिथून नेहमीच्या बँक मार्गाने स्वतःच्या कमाईतून देत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललेल्या मामाचे डॉलर मात्र ठरतात. त्यासाठी संस्थेकडे विदेशी देणगी नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते, पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या शाखेतच उतरतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने ते दुसरीला देता येत नाहीत. शहरातल्या मोठ्या संस्थेने तालुक्यातल्या लहान संस्थेला धरून न्यायचं, ती वाट त्या दुरुस्तीने बंद झाली.

सर्वांत टिकाऊ काम तिथेच झालं जिथे वर्गणीची पावती फाडावीच लागत नाही. २००० साली ‘सेहत’ या संस्थेने आणि मुंबई महापालिकेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केलं. ‘जिन्यावरून पडले’ असं सांगणाऱ्या बाईला केसपेपर लिहिणाऱ्या परिचारिकेनेच हळूच दुसऱ्या खोलीत पाठवायचं. सुरुवात देणगीच्या पैशावर झाली, पुढे खर्च पालिकेने उचलला आणि ही पद्धत मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांत गेली. इस्पितळात जायला बाईला कुणाची परवानगी लागत नाही, ताप आलाय म्हटलं की झालं. तिथे पाटीवर ‘पीडित’ असं लिहिलेलं नसतं, हेही महत्त्वाचं.

पैसा न लागणारी आणखीही एक वाट आहे. न्यू यॉर्कच्या ‘सखी’च्या संस्थापकांपैकी एक मल्लिका दत्त. त्यांनी पुढे काढलेल्या ‘ब्रेकथ्रू’ संस्थेने २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ ही मोहीम केली. जाहिरातीत शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो. एक माणूस उठतो, त्या घराची बेल वाजवतो आणि वाटीभर दूध मागतो. बस. दार उघडलं जातं, हात थांबतो. यात एक पैसाही लागत नाही, आणि तरी आपल्या सोसायट्यांत ती बेल वाजवायला माणूस सापडत नाही. लफडं अंगाशी येईल ही भीती असेल, तर कायदा शेजाऱ्याच्या बाजूचा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतं, आणि सद्भावनेने दिली असेल तर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

तेव्हा वाढदिवसाला संस्थेला फोन जरूर करा. लोकेशन मागू नका. या महिन्यात कितीजणींच्या खोलीचं डिपॉझिट अडलं आहे ते विचारा, आणि जमेल तेवढी रक्कम दरमहा जाईल अशी सूचना बँकेला देऊन टाका. भिंतीपलीकडून आवाज येत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. फोन मोफत आहे आणि तो शेजाऱ्याने केला तरी चालतो.