गोल न करणाऱ्यांचाही पुरस्कार

पनवेलहून अंधेरीला थेट लोकल जाते. तिथे मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबचा घरचा सामना असला की खारघर, नेरुळची पोरं निळ्या जर्सीत त्याच गाडीत चढतात. या क्लबचा लालियानझुआला छांगते 2022-23 चा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा हा वार्षिक पुरस्कार आय. एम. विजयनने तीनदा, तर सुनील छेत्रीने तब्बल सात वेळा मिळवला आहे.

दोघेही गोल करणारे. मला मात्र या यादीतला 2019-20 चा मानकरी सर्वांत मोलाचा वाटतो: गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू. 10 सप्टेंबर 2019 रोजी दोह्यात विश्वचषक पात्रता फेरीत भारतासमोर आशियाई विजेता कतार होता. तापामुळे छेत्री बाहेर, कप्तानपद गुरप्रीतकडे. कतारने पंचवीसहून अधिक फटके मारले. एकही जाळ्यात गेला नाही; सामना 0-0 असा बरोबरीत सुटला. त्या रात्री गुरप्रीत झेपावत होता, ठोसा मारून चेंडू उडवत होता, आणि पुढच्याच क्षणी बचावफळीला ओरडून जागेवर आणत होता. गोलफलकावर यातलं काहीच उमटत नाही. बॅलन डी'ऑर या जागतिक फुटबॉल पुरस्काराच्या 1956 पासूनच्या इतिहासात तो मान मिळालेला गोलरक्षक एकच, 1963 चा लेव्ह याशिन. आपल्याकडे गुरप्रीतच्या आधी 2009 मध्ये सुब्रत पालही होता. पुढे 2020-21 मध्ये संदेश झिंगन आणि 2024-25 मध्ये शुभाशिष बोस, हे दोघे बचावपटू निवडले गेले. राखणाऱ्याची कदर करणारी ही नजर मला फार आवडते.

ही नजर कोणाची? गुरप्रीतला इंडियन सुपर लीग (आयएसएल) आणि आय-लीग या देशातल्या स्पर्धांमधल्या क्लबांच्या प्रशिक्षकांनी मतं दिली. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरक्षकाने आपला डाव कसा मोडला, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? पण 2021-22 मध्ये छेत्री आणि महिलांमध्ये मनीषा कल्याण यांची नावं राष्ट्रीय संघांच्या प्रशिक्षकांनी सुचवली. म्हणजे निवडीची पद्धतच बदलती.

त्याहून मोठी अडचण मैदानावरची आहे. जुलै 2025 मध्ये आयोजकांनी आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवला, कारण महासंघाशी असलेला हक्कांचा करार डिसेंबरात संपत होता आणि नवा झालेला नव्हता. अनेक खेळाडू बराच काळ सरावापुरते उरले, काहींचा तर सरावही बंद पडला. अखेर फेब्रुवारी 2026 मध्ये लीग सुरू झाली ती छाटूनच: प्रत्येक संघाची प्रत्येकाशी एकच गाठ. आधीच्या हंगामात साखळीत 24 सामने होते, ते 13 वर आले. तेरा सामन्यांत आघाडीपटू दोन हॅटट्रिक मारून डोळ्यांत भरतो. बचावपटूची शिस्त मात्र लांबलचक हंगामातच कळते. लीग अशीच आखूड राहिली, तर मतं पुन्हा गोलांच्या आकड्याकडे वळतील, ही माझी भीती. म्हणून करार लवकर व्हावा, मतदान क्लबांच्या प्रशिक्षकांकडेच असावं, आणि बॅलन डी'ऑरप्रमाणे कोणी कोणाला मत दिलं तेही निकालासोबत छापलं जावं.