बारा व्होल्टचा संसार

नगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावच्या रस्त्यांवर जे दृश्य दिसते त्यात काही फरक पडलेला नाही. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. त्यांत पत्र्याच्या पेट्या, हंडे, कोंबड्यांचे डालगे, एखादी शेळी, एखादी म्हातारी आणि सगळ्यांच्या वर पोरे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके ऊसतोडीला माणसे पाठवतात. राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, राहाता बोलावून घेतात. एकाच जिल्ह्याने निम्म्या अंगाने घाम गाळायचा आणि निम्म्या अंगाने साखर करायची, असा हा मामला आहे. अलीकडे त्या ट्रॉलीत गोधडीत गुंडाळलेली एक नवी वस्तूही दिसते. सोलरची प्लेट. आणि ट्रॅक्टरच्या सीटखाली चिंधीत बांधलेला, विटेएवढा, जाळीचा पंखा असलेला एक डबा. त्या डब्याविषयी मला सांगायचे आहे.

पण आधी थोडे मागे जातो. १९८९ साली मी पाथर्डी तालुक्यातल्या एका शाखेत शेतीकर्जे बघत होतो. एका रविवारी सकाळी वसुलीला गेलो तर गाव ओस. विचारत विचारत चावडीमागे पोचलो. तिथे अख्खे गाव ‘महाभारत’ बघत बसलेले. वीज नव्हतीच, एक ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या बॅटरीतून दोन वायरी निघून काळ्यापांढऱ्या टीव्हीच्या पाठीत शिरल्या होत्या. ट्रॅक्टर आमच्याच कर्जातला. तारण मालमत्तेचा असा उपयोग मंजुरीपत्रात कुठे लिहिलेला नव्हता, पण मीही खाली सतरंजीवर बसलो. वसुली दुपारी केली.

त्या टीव्हींना मागे बारा व्होल्टचे वेगळे भोक असे, म्हणून बॅटरी थेट चाले. आज घरातली बहुतेक यंत्रे २३० व्होल्टवर चालतात आणि त्यांना लागणारा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे झुलणारा असतो. बॅटरीचा प्रवाह मात्र एकाच दिशेने वाहणारा. त्याला झुलवायचे आणि व्होल्ट चढवायचे, एवढेच काम इन्व्हर्टर करतो. वीज तयार करत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर तो ठेवीदार नव्हे, रोखपाल आहे; शिवाय प्रत्येक व्यवहारात दहा-पंधरा टक्के स्वतः खाणारा.

२००५ नंतरच्या भारनियमनात ग्रामीण भागात दहा-दहा, बारा-बारा तास अंधार असे, तेव्हा जिन्याखाली मोठ्या बॅटरीसह इन्व्हर्टर ठेवणे ही मध्यमवर्गाची रीतच झाली. हातात धरून नेण्याजोगा छोटा इन्व्हर्टर मी निवृत्तीनंतर घेतला, लॅपटॉपसाठी. मोटारीत सिगारेट पेटवायची खोबण असते, तिच्यात तो खोचायचा. पहिल्याच प्रवासात हौसेने त्याला चहाची विजेची किटली लावली. फट् असा बारीक आवाज झाला आणि त्या खोबणीचा फ्यूज गेला. चूक डब्याची नव्हती, माझी होती. त्या खोबणीतून दहा-पंधरा अँपिअरपेक्षा जास्त ओढायचे नसते, म्हणजे साधारण दीडशे वॅट. किटली हजाराच्या वरची! चौतीस वर्षे लोकांची परतफेडीची कुवत तपासणाऱ्या माणसाने ही कुवत तपासली नाही.

आता मूळ हकिगत. नेवासे तालुक्यात माझ्या थोरल्या भावाचा ऊस आहे. दोन हंगामांपूर्वी तोडीला टोळी आली आणि बांधापलीकडच्या माळावर कोप्या पडल्या. बांबू, पाचट, वर प्लॅस्टिकचा कागद. एका कोपीत दीड-दोन वर्षांचे लेकरू होते, त्याला दम लागे. चुलीचा धूर, पाचटाची धूळ, पौषातली थंडी. कारण शोधायला लांब जावे लागत नव्हते. तालुक्याच्या डॉक्टरांनी वाफेने औषध द्यायचे यंत्र, नेब्युलायझर, लिहून दिले होते. आईबापांनी उचलीच्या पैशातून ते घेतलेही होते. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे. यंत्र खोक्यात होते आणि खोके कोपीत. माळावर विजेचा खांब नव्हता.

एका संध्याकाळी पोराची छाती फारच वाजू लागली, तेव्हा मला बोलावणे आले. मी ऐटीत मोटार नेली, माझा डबा काढला, यंत्र लावले. डबा पीं पीं ओरडला आणि बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. यंत्रावर १५० वॅट लिहिलेले, डब्यावरही १५०. पण मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त मागते, हे मला कुठे ठाऊक? पोराची आई माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिला आणि पोराला मोटारीत घालून भावाच्या वस्तीवर नेले. तिथे वीज होती. दहा मिनिटांत पोर निवळले आणि मला घाम फुटला.

रोज दोन वेळा कोण वस्तीवर नेणार? टोळी रात्री दोनला उठून फडात जाते. दुसऱ्या दिवशी नगरला जाऊन ५०० वॅटचा डबा आणला. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. स्वस्त डबा विजेला पायऱ्या-पायऱ्यांनी झुलवतो. मोबाइल, लॅपटॉप, दिवे यांना ते चालते, पण मोटर गुरगुरते आणि तापते. महाग डबा घरच्या विजेसारखी सलग लाट देतो. औषधाच्या यंत्राला महागच घेतला. तो खोबणीत न खोचता जाड वायरींच्या चिमट्यांनी थेट बॅटरीला लावायचा: लाल ते लाल, काळी ते काळी, बॅटरीजवळ फ्यूज.

पण बॅटरी कोणाची? टोळीच्या ट्रॅक्टरची. आणि ड्रायव्हर आडवा आला. त्याचे कारणही खोटे नव्हते. महिन्यापूर्वी पोरांनी त्याच बॅटरीवर रात्रभर टीव्ही बघितला होता. दोन वाजता ट्रॅक्टर उठेना, खेप बुडाली, मुकादमाने सगळ्यांचा खाडा मांडला.

“साहेब, बॅटरी उतरली तर ढकलायला तुम्ही येणार का?” त्याने विचारले.

मी ऊसवजनाच्या पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. टीव्ही, छत्रीचा डबा, दोन दिवे, डझनभर मोबाइल मिळून शंभर वॅट धरू. रात्री नऊ ते दोन, पाच तास. बाराने भागा, इन्व्हर्टरचे खाणे मिळवा: पन्नासच्या आसपास अँपिअर-तास गेले. बॅटरी असते ऐंशी ते शंभरची, आणि ती मुळात क्षणभर जोराचा हिसका देण्यासाठी बनवलेली. रात्रभर झिरपण्यासाठी नव्हे. ती मरणारच. आता हे यंत्र: दीडशे वॅट, दहा मिनिटे. अडीच अँपिअर-तास. दोन वेळचे मिळून पाच. ट्रॅक्टर कारखान्यापर्यंत गेला की तेवढे सहज भरून निघते.

ड्रायव्हरने पावती उलटसुलट पाहिली. “कागदावर सगळ्यांचंच बरोबर येतं,” म्हणाला.

बँकेत हे वाक्य कोणी तोंडावर बोलले असते तर कितीतरी बुडीत कर्जे वाचली असती. असो. ठरले असे की एक दिवस करून बघायचे. संध्याकाळी यंत्र चालवले. डबा ट्रॅक्टरपाशीच ठेवला, कोपीत नेला नाही. पाचटाच्या घरात ठिणगी नको, आणि चिमटे लावताना ती उडतेच. पोर आईच्या मांडीवर, तोंडावर मास्क, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून. दहा मिनिटे झाल्यावर ड्रायव्हरने चावी फिरवली. ट्रॅक्टर एका दमात उठला. “बरं,” एवढेच तो म्हणाला. पण मग स्वतःच नियम घातला, की यंत्राशिवाय दुसरे काही लावायचे नाही आणि काम झाले की डब्याचे बटण बंद. तो नियम बरोबर होता. चालू राहिला तर हा डबा रिकामाही अर्धा-पाऊण अँपिअर पीत राहतो.

त्या माळावरून रात्री कारखान्याचे दिवे दिसत. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर जिल्ह्यात कारखान्यांची रांगच लागली. आता त्यांतले अनेक कारखाने उसाचा चोथा जाळून, वाफेवर जनित्रे फिरवून वीजही करतात, स्वतः वापरतात आणि उरलेली विकतात. म्हणजे माझ्या घरातल्या दिव्यात या मंडळींनी तोडलेल्या उसाचा काही अंश असणार. त्यांच्या कोपीपर्यंत मात्र एक वायर येत नाही. कोप्या आज इथे, महिन्याने तिथे, खांब कुठे रोवायचा, असे मला एकाने समजावले. पण कारखान्यांचे तळ वर्षानुवर्षे त्याच जागी पडतात, तिथे तरी रोवा की! निदान एक मोठी बॅटरी, एक प्लेट, एक डबा टोळीमागे देणे हे उचलीच्या रकमेपुढे काय आहे? कर्जप्रस्ताव म्हणून माझ्या टेबलावर आला असता तर मी एका बैठकीत मंजूर केला असता.

मार्चअखेर टोळी परतली. डबा मी त्यांच्याकडेच राहू दिला. पुढच्या दसऱ्याला पोराच्या आईचा फोन आला. या वर्षी कोल्हापूरकडे चाललो, म्हणाली. ट्रॅक्टर दुसरा, ड्रायव्हर दुसरा. पोराला आता कधीमधीच लागते, पण डबा सोबत घेतला आहे.

“या बॅटरीचा आकडा कुठं लिव्हलेला असतो, साहेब? मागल्या खेपेला तुम्ही बघितला व्हता तो.”

वरच्या चिठ्ठीवर, ‘ए एच’ या अक्षरांपाशी, असे मी सांगितले. फोनवर थोडा वेळ नुसता इंजिनाचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “अठ्ठ्याऐंशी.”

फ्यूज दोन जास्तीचे जवळ ठेव, असे मी सांगितले. ते घेतलेच होते, म्हणाली.