भ्रूणावर देखरेख कोणाची?

शरीराबाहेर फलित झालेल्या मानवी बीजाचा पाचव्या दिवशी शंभरएक पेशींचा पोकळ गोळा होतो. त्याच्या आतील पुंजका वेगळा काढून वाढवला की कोणत्याही ऊतीत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशी, म्हणजे भ्रूणीय मूलपेशी, हाती येतात, पण तो भ्रूण नष्ट होतो. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या सूचनांनुसार संशोधनासाठी वंध्यत्वोपचारातून उरलेले भ्रूण संमतीनेच घेता येतात, आणि ते १४ दिवसांपलीकडे वाढवता येत नाहीत. कारण त्याच सुमारास भ्रूणावर आद्यरेषा, म्हणजे भावी शरीराचा अक्ष दाखवणारी पहिली खूण, उमटते.

सातारा-सांगलीत मात्र भ्रूणाचा प्रश्न या रेषेपाशी आलेलाच नाही. तो त्याआधीच, देखरेखीपाशी अडला. पाचव्या दिवसाच्या त्या गोळ्याच्या बाह्य थरातून मोजक्या पेशी काढून आनुवंशिक आजार तपासता येतो, आणि त्याच पेशींवरून लिंगही कळते. लिंग कळल्यावर काय होते, ते सोनोग्राफीने आधीच दाखवले होते: २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ मुली उरल्या होत्या. 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था व कार्यकर्ते साबू जॉर्ज यांच्या जनहित याचिकेनंतर २००३ मध्ये गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही लिंगनिदानविरोधी कायद्याच्या कक्षेत आली.

तरीही मार्च २०१७ मध्ये सांगलीच्या मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, आणि तेही गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेल्यावर, पोलीस तपासात. सोनोग्राफी होणाऱ्या प्रत्येक गर्भवतीसाठी भरायचा 'फॉर्म एफ', समित्या, तपासण्या हे सारे कायद्यात होतेच. उलट साताऱ्यातील ॲड. वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी' अभियानाने गर्भवती महिलांना सोबत घेऊन केलेल्या स्टिंग ऑपरेशनमधून डॉक्टरांना न्यायालयापर्यंत नेले. म्हणजे देखरेख वैद्यकीय व्यवसायाबाहेरच्या माणसांनी हाती घेतली, तेव्हाच ती चालली.

मूलपेशी संशोधनाची परवानगी देणाऱ्या संस्थात्मक समित्यांत कायदेतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ असावेत, ही अट त्यामुळेच मोलाची असली, तरी त्यांची नेमणूक ज्या संस्थेचे काम तपासायचे तीच करत असेल, तर ती अट अपुरी ठरते. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार गोठवलेला भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतो आणि नंतर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा असतो. उपचाराच्या ओढाताणीत, पहिल्याच भेटीत कागदांच्या गठ्ठ्यात घेतलेली सही अशी संमती मानता कामा नये. भ्रूण देण्याच्या वेळी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांखेरीज दुसऱ्या कोणी मराठीत समजावून ती पुन्हा घ्यावी, आणि त्या नोंदी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील महिला संघटनांच्या प्रतिनिधींना, दांपत्यांची नावे झाकून, तपासता याव्यात.