चार मिलिमीटरचा दांडा

धडधाकट होडीच्या तळाला स्वतःच्या हाताने भोक पाडायचं, हे पहिल्यांदा जिवावर येतं. पण मोटर आत आणि पंखा पाण्यात, म्हणजे दोघांना जोडणारा दांडा कुठून तरी बाहेर काढावाच लागतो.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्ही चौघांनी स्पर्धेसाठी रिमोटवरची होडी बांधायला घेतली. आकार थर्मोकोलचा, वर फायबरचं कापड. स्वस्त म्हणून पॉलिस्टर रेझिन आणलं, तर ते लावताच थर्मोकोल विरघळून खड्डे पडले. इपॉक्सी आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मोटर, बॅटरी, सुकाणू वळवणारा सर्व्हो हे सगळं तयार मिळतं. त्याची जोडणी एका संध्याकाळी उरकली.

दांड्याने मात्र आठवडा खाल्ला. 4 मिलिमीटरचा स्टीलचा दांडा, त्याभोवती पितळी नळी, नळीच्या दोन्ही तोंडांना बुश आणि मधल्या पोकळीत ठासून ग्रीस. ग्रीस दांड्याला वंगण देतं आणि पाण्याची वाटही अडवतं. नळी तिरकी बसवायची, आतलं तोंड पाणरेषेच्या वर राहील अशी. मोटर आणि दांडा एका रेषेत नसले की सगळी होडी थरथरते. आम्ही मोटरच्या पायाखाली पोस्टकार्डाचे तुकडे सरकवत, दांडा दोन बोटांनी फिरवून बघत होतो. कुठेही न अडकता तो गरगरला, तेव्हा कुठे स्क्रू आवळले.

चाचणी मित्राच्या काकांच्या, प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात. काकांनी आधीच बजावलं, "बुडाली तर काढायला आत उतरायचं न्हाई. कागदावर पाय ठरत न्हाई." म्हणून होडीला मासेमारीची दोरी बांधली. थोडं अंतर जाऊन होडी थबकली. रिसीव्हरची अँटेना तळाशी पडली होती आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. निकोला टेस्लाने 1898 साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी होडी चालवून दाखवली होती, ती हौदात. तेव्हा हा चमत्कार वाटला असेल. शेततळ्याच्या काठावर आम्हालाही काही कमी वाटत नव्हता. अँटेना शीतपेयाच्या नळीत घालून उभी केली आणि होडी पलीकडच्या काठापर्यंत जाऊन, वळून परत आली.

झाकण उघडलं. पितळी नळीखाली टिश्यू पेपर अंथरला होता. आमच्याआधी काकांनीच आत बोट घातलं, कागद चाचपला.

"कोरडाय की रं!"