‘जैसे थे’ करार आणि सैन्य माघारीची लोकप्रतिक्रिया

परकीय सैन्य मागे घेण्याचा करार झाला म्हणजे जनतेस आनंद व्हावा, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती नेहमीच खरी ठरते असे नाही. 1954 साली ब्रिटिश फौजांनी सुवेझ कालव्याचा प्रदेश सोडण्याचे मान्य केले, तरी इजिप्तमध्ये मुस्लिम ब्रदरहूडने त्या करारास विरोधच केला. हैदराबाद संस्थानातील उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे; कारण येथे मुळात ‘परकीय’ कोण, याविषयीच एकमत नव्हते.

भारत सरकार व निजाम यांच्यात 29 नोव्हेंबर 1947 रोजी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. युद्धकाळ वगळता संस्थानच्या हद्दीत सैन्य ठेवण्याचा हक्क त्याने भारतास दिला नाही, आणि 1948 च्या आरंभीच्या महिन्यांत सिकंदराबाद येथील भारतीय सैन्य मागे घेण्यात आले. निजामाच्या दृष्टीने ही छावणी म्हणजे 1798 च्या तैनाती फौजेच्या तहाचा अवशेष. ती उठणे हे सार्वभौमत्वाचे चिन्ह. स्टेट काँग्रेसच्या अनुयायांना मात्र ते सैन्य आपलेच वाटत होते. एकाच फौजेला असे दोन अर्थ होते.

इत्तेहादुल मुसलमीनची प्रतिक्रिया विशेष अभ्यसनीय आहे. ऑक्टोबर 1947 च्या अखेरीस तिच्या जमावाने छत्तारीचे नबाब आदी वाटाघाटी करणाऱ्यांची घरे वेढून शिष्टमंडळास दिल्लीस जाऊ दिले नाही. पुढे महिन्याभरात जो करार झाला, त्याचा मजकूर पूर्वीच्या मसुद्याहून फारसा भिन्न नव्हता. तेव्हा विरोध कलमांना होता की कलमे ठरविणाऱ्यांना, असा प्रश्न पडतो. आमच्या मते दुसरेच अधिक संभवनीय होय.

काश्मीरमध्ये सैन्य गुंतलेले असता दिल्लीस सवड हवी होती, हे समजण्याजोगे आहे. परंतु त्या सवडीची किंमत रझाकारांच्या टाचेखालील खेड्यांना मोजावी लागली. स्वामी रामानंद तीर्थ यांची करारानंतर सुटका झाली खरी, पण जानेवारी 1948 मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृतिसमिती सरहद्दीवरून लढा चालवीत होती. मनमाड येथे गोविंदभाई श्रॉफ कार्य करीत होते.

कन्नड तालुक्याची भूमिती येथे ध्यानात घेतली पाहिजे. हा संस्थानचा उत्तर काठ. औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे मुंबई प्रांत आणि रेल्वे. सिकंदराबादची छावणी येथून शेकडो मैल दूर. तिच्या उठण्याने या भागातील सैनिकी स्थिती प्रत्यक्षात बदलली नाही. बदलला तो भरवसा. सरहद्दीवरील माणसाचे संरक्षण घाटाखाली होते, परंतु करारानुसार ते घाट चढून येऊ शकत नव्हते.

लोकमताची विभागणी केवळ धर्मानुसार झाली होती, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाचा पुरस्कार केला आणि ऑगस्ट 1948 मध्ये त्यांची हत्या झाली.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. चाळीसगावकडील तुकडीने कन्नड व दौलताबाद घेतले. त्या स्वागताच्या आठवणी मराठवाड्यात आजही सांगितल्या जातात. मात्र कारवाईनंतर मुसलमान रहिवाशांवर झालेल्या अत्याचारांची जी नोंद सुंदरलाल समितीने केली, तीही त्याच अभ्यासविषयाचा भाग आहे.