बांगडा खाल्ल्यावर चेहरा लाल झाला? ती ॲलर्जीच असेल असे नाही

चाकणच्या एखाद्या जपानी कंपनीत तुम्ही किंवा घरातले कोणी काम करत असेल, तर ‘साबा शिओयाकी’ हे नाव कानावर आले असेल. शिओ म्हणजे मीठ, याकी म्हणजे भाजलेले. साबा हा आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. मासा साफ करून मीठ चोळायचे, वीस मिनिटांनी सुटलेले पाणी पुसायचे आणि तव्यावर किंवा ग्रिलवर दोन्ही बाजूंनी भाजायचा. सोबत मुळ्याचा कीस, लिंबू आणि भात. मसाला नाही, तेलही जवळजवळ नाही. घरी जरूर करा.

आता नेहमी घडणारा प्रसंग पाहा. सकाळी बाजारातून बांगडे घेतले, गाडीच्या डिकीत ठेवले, वाटेत बँकेचे काम उरकले आणि दोन-तीन तासांनी मासा फ्रिजमध्ये गेला. संध्याकाळी नीट भाजून खाल्ला. अर्ध्या तासात चेहरा-मान लालबुंद, डोके ठणकते, छातीत धडधड, अंगाला खाज, कुणाला जुलाब. घरचे म्हणतात, ‘माशाची ॲलर्जी झाली.’

पुष्कळदा ही ॲलर्जी नसून हिस्टामिनची विषबाधा असते. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात. आपल्या शरीरात ॲलर्जीच्या वेळी सुटते तेच हे रसायन, म्हणून लक्षणे हुबेहूब सारखी दिसतात. भाजल्याने जिवाणू मरतात, पण तयार झालेले हिस्टामिन तसेच राहते. तळा, उकळा, फ्रीझरमध्ये ठेवा, ते जात नाही. वासही कधी कधी अगदी ताजा येतो. फार तर जिभेला मिरीसारखी चुरचुर जाणवते. साबा जिवंतपणीच कुजू लागतो, अशी जपानी भाषेत एक म्हणच आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ‘मला मासा चालत नाही’ असे ठरवून काही जण तो जन्मभर सोडतात. तोच मासा खाल्लेल्या इतरांनाही त्रास झाला का, आणि पूर्वी बांगडा बिनत्रास पचत होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर विषबाधेचा संशय बळावतो. पण निदान घरी करत बसू नका. श्वास लागणे, ओठ-घसा सुजणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाले तर लगेच 108 ला फोन करा. एरवी त्रास साधारण दिवसभरात ओसरतो. डॉक्टर ॲलर्जीवरची गोळी देतात, ती इथेही लागू पडते.

टीबीसाठी आयसोनियाझिड चालू असलेल्यांनी मात्र जास्त जपावे. या औषधामुळे शरीरात हिस्टामिन मोडण्याचे काम मंदावते आणि थोडक्या हिस्टामिननेही जास्त त्रास होऊ शकतो. गोळी बंद करायची नाही. कोर्स संपेपर्यंत हे मासे खावेत का, ते डॉक्टरांना विचारा.

आपल्याकडे मासा घाट चढून येतो, त्यामुळे वाटेत बर्फ किती टिकला हे आपल्याला दिसत नाही. बर्फात गाडलेलाच बांगडा घ्या. मासेवाल्या मावशींकडून कल्ले आणि आतडी तिथेच काढून घ्या, डब्यात बर्फ मागून घ्या आणि मासळी ही बाजारातली शेवटची खरेदी ठेवा. घरी फ्रिज 4 अंशांच्या खाली हवा. मीठ लावलेला मासाही त्या वीस मिनिटांत फ्रिजमध्येच ठेवा. मिठाने तो टिकेल असे समजून ओट्यावर ठेवू नका. तेवढे मीठ त्याला पुरत नाही.

रक्तदाब असेल तर दिवसभराचे सगळे मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा ठेवायचे असते. अशा वेळी मीठ हलकेच चोळा, लिंबू जास्त पिळा, आणि त्या जेवणात सोया सॉस, लोणचे, पापड नको.