घरावरचा तिरंगा

स्वातंत्र्यदिनाची सकाळ उजाडली, की भिलाईतील कुरुदच्या वस्तीत घरांच्या गच्च्यांवर तिरंगा फडकू लागतो. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने नाना प्रांतांतील कुटुंबे या नगरीत स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. बोली निराळ्या, सणवार निराळे. ध्वज मात्र एकच. हे दृश्य आज इतके अंगवळणी पडले आहे, की घरावर वर्षभर ध्वज लावण्याचा हक्क सामान्य नागरिकाला न्यायालयीन लढ्यानंतर लाभला, याचे सहज विस्मरण होते.

कॅनडाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. लाल मॅपलपर्णाचा ध्वज त्या देशाने १५ फेब्रुवारी १९६५ रोजी स्वीकारला. तेथील नागरिक तो आपल्या घरावर कोणत्याही दिवशी लावू शकतो. परदेशी निघालेले तरुण तेच पान आपल्या पाठपिशवीवर शिवून घेतात. तेथे राष्ट्राभिमान केवळ १ जुलैच्या राष्ट्रीय दिनापुरता राहत नाही. तो नित्याच्या व्यवहारात मिसळलेला असतो.

भारतात मात्र खाजगी नागरिकास ठरावीक राष्ट्रीय दिवशीच ध्वज फडकवता येत असे. या नियमाला आव्हान मिळाले ते आजच्या छत्तीसगडमधूनच. उद्योजक नवीन जिंदल यांनी रायगढ येथील आपल्या कारखान्यावर तिरंगा लावला. शासकीय अधिकाऱ्यांनी त्यास हरकत घेतली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये निकाल जिंदल यांच्या बाजूने लागला. त्यावर केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. दरम्यान, २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता अमलात येऊन नागरिकांना वर्षभर ध्वज लावण्याची मुभा मिळाली. पुढे २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्वाळा दिला. मात्र हा हक्क निरंकुश नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

‘सन्मानपूर्वक’ या एका शब्दातच खरी कसोटी आहे. डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीने यंत्रावर तयार केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मान्यता मिळाली. २०२२ मध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहीम झाली आणि ध्वज घरोघरी पोहोचला. परंतु सोहळा सरल्यावर तोच ध्वज रस्त्याकडेला पडलेला दिसावा, यासारखे दुर्दैव नाही. केशरी पट्टा वर असावा, ध्वजाचा जमिनीला स्पर्श होऊ नये, फाटलेला ध्वज लावू नये, जीर्ण ध्वजाचे विसर्जन एकांतात आदराने करावे, कागदी ध्वज जमिनीवर टाकू नये, एवढे नियम बालकांनाही सहज समजतील असे आहेत.

राष्ट्राचे आणखी एक मानचिन्ह नागरिकांच्या हाती रोज येते. नोटेवरील अशोकस्तंभाची मुद्रा ते होय. रिझर्व्ह बँकेने १९९९ मध्ये स्वच्छ नोट धोरण जाहीर केले. त्यानुसार नोटेवर न लिहिणे, तिला टाचणी वा पिन न लावणे, ही शिस्त बँकेचे कर्मचारी आणि ग्राहक दोघांनीही पाळावयाची आहे.

देशप्रेमाची परीक्षा पंधरा ऑगस्टच्या सकाळी होत नाही. ती सोळा ऑगस्टला होते. गच्चीवरील ध्वज नीट घडी घालून कपाटात ठेवणारे घर त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले, असे खुशाल समजावे.